भूसंपादनाची नोटीस पेपरात आली, वेबसाइटवरही आली, पण घरी कळलीच नाही - माझा अनुभव

आमच्या गावाकडच्या शेतातून कालवा जाणार हे कळलं ते चुलतभावाच्या फोनमुळे. म्हणाला, दादा, चावडीवर कागद लावलाय, आपला गट नंबर आहे का बघ. मी पुण्यात, आईबाबा गावी, आणि घरी जो पेपर येतो त्यात नोटीस नव्हतीच, दुसऱ्या दोन पेपरांत होती.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात कलम ११ ची अधिसूचना, म्हणजे जमीन घेणार असल्याची पहिली नोटीस, गॅझेट (सरकारी राजपत्र), त्या भागातली दोन दैनिकं, ग्रामपंचायत, तहसील-प्रांत-कलेक्टर ऑफिस आणि वेबसाइट, सगळीकडे द्यावी लागते. पण हरकतीला मुदत ६० दिवसच, त्यातले बरेच आधीच गेलेले. त्याच रात्री जिल्ह्याची साइट उघडून बसलो तर ढीगभर पीडीएफ, आणि सगळ्या स्कॅन केलेल्या, म्हणजे गट नंबर टाकून सर्च केलं तरी काही सापडत नाही, एकेक फाइल उघडायची आणि तिरकी आलेली पानं झूम करत वाचायची. शेवटी सापडलं. क्षेत्राच्या रकान्यात बघतो तर सातबाऱ्यावर आमचं आहे त्याहून जास्त!

मग महाभूमी या सरकारी साइटवरून १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा काढला, साधा हरकत अर्ज लिहिला, बाबांच्या सहीने ऑफिसात आवक टेबलावर दिला आणि शिक्का-तारखेसकट पोच घेतली. वकील लागला नाही. सुनावणीत बाबांनी सातबारा पुढे ठेवला, परत मोजणी झाली आणि क्षेत्र दुरुस्त झालं.

केंद्राचं गॅझेट १ ऑक्टोबर २०१५ पासून छापायचंच बंद झालंय, फक्त ऑनलाइन. आता पेपरातल्या नोटिसाही बंद करून सगळं वेबसाइटवर टाका असं म्हणतात, माझा विरोध नाही, मी पुण्यात बसून बघू शकलो ते ऑनलाइन होतं म्हणूनच. पण बाबा रोज वेबसाइट उघडून बघणार आहेत का? बँकेचा मेसेज येतो, लाईट बिलाचा येतो, मग जमीन जाणार याचा का नको? आधी गट नंबरने सर्च होईल असं करा, खातेदाराच्या मोबाईलवर मेसेज पाठवा, मग पेपर बंद करायचं बोला. आणि चावडीवरचा कागद काढू नका, आम्हाला कळलं ते त्याच्यामुळेच.

कुणाचं असं चालू असेल तर अर्ज नुसता देऊन येऊ नका, पोच घ्याच, सुनावणीत पहिली तीच मागितली.