आमची वाटचाल : खटका नसेल तर जनरेटर जोडत नाही

२००७ साली दापोलीत वायरिंग आणि जनरेटर जोडणीच्या दुकानासाठी गाळा घेतला, तेव्हा लोडशेडिंग ऐन भरात होतं. भागीदार मावसभाऊ. पैसे त्याचे, माझ्याकडे टाँग टेस्टर (वायरभोवती धरून करंट मोजायचा चिमटा) आणि एक सेकंडहँड मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र). तो मेगर अजून टेबलावर आहे, हँडल फिरवलं की खणखणीत ५०० व्होल्ट देतो. पुढची बारा-तेरा वर्षं दुकान चाललं.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळानं खांब आडवे केले, आठवडेच्या आठवडे अंधार. बाजारपेठेत एकानं जनरेटरचं दुकान थाटलं (नाव घेत नाही). जोडणी पाचशे रुपयांत! दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर. एक टोक जनरेटरला, दुसरं घरातल्या सॉकेटला. ‘मेन स्विच पाडून ठेवा’ म्हणायचं, की झालं. आम्ही चेंजओव्हर (लाईन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा खटका), ग्लँड (वायर पक्की धरणारी पकड), अर्थिंग धरून साडेचार हजार सांगायचो, तर लोक आम्हालाच लुटारू म्हणायचे. मावसभाऊ वाटा काढून पुण्याला गेला.

आणि एका वाडीत मेन पाडायला कुणीतरी विसरलं. घरचे २३० व्होल्ट उलटे डीपीत (खांबावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये) शिरले की पलीकडच्या तारांत ११ हजार होऊन निघतात. लाईनमननं आधी डिस्चार्ज रॉड (तारा जमिनीला जोडणारी दांडी) लावला होता, म्हणून जनरेटर बंद पडला आणि माणूस वाचला. पण त्या घरचं जुनं वायरिंग आमचं, बोर्डावर स्टिकर आमचं. बोभाटा आमचा झाला. दोन महिने दुकानात माशा मारल्या.

तेव्हा हर्णै रस्त्यावरच्या डॉक्टरकाकूंनी बोलावलं. त्यांच्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असायचं. खटका हातानं वर-खाली करून पाहिला, मध्ये ‘ऑफ’ला थांबतो हे पाहून म्हणाल्या, ‘म्हणजे दोन्हीकडून एकदम येऊच शकत नाही. मग लोकांना हे दाखवत का नाहीस?’ पुढची अकरा घरं त्यांच्याच ओळखीची.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. खटक्यात फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. सिंगल फेजला डबल पोल (दोन तारा तोडणारा), थ्री फेजला फोर पोल (चार तारा तोडणारा). जनरेटर पडवीत किंवा खिडकीखाली ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. आणि पंप सुरू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेव्हा अडीच केव्हीएच्या छोट्या जनरेटरच्या जिवावर उड्या मारू नका.

तो दुकानदार आता मोबाईलची कव्हरं विकतो. गेल्या आठवड्यात एक जण त्याच्याकडची ती दुपिनी वायर दुरुस्तीला घेऊन आला. मी एक पिन पकडीनं तोडली आणि उरलेली वायर परत दिली. पैसे घेतले नाहीत. रागानं गेला.