तुम्ही विचारलंत म्हणून: सकाळी न वळणारी मूठ

सांधे कोणाचे दुखत नाहीत, मग तुमचा वात वेगळा आहे हे तुम्हाला कळले कसे, असे मला वरचेवर विचारतात. विचारणारी बहुधा बाईच असते आणि बोलता बोलता स्वतःची बोटे चोळत असते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर देते.

मला ते कळले घड्याळावरून. माझ्या आईचे गुडघे झिजलेले होते. दिवसभराच्या कामानंतर, जिना चढताना ते दुखत आणि पाय पसरून बसले की तिला उतार पडे. सकाळी तिचेही पाय आखडलेले असत, पण चूळ भरून येईपर्यंत मोकळे होत. माझे नेमके उलटे होते. वयाच्या ३८व्या वर्षी सकाळी उठल्यावर माझी मूठ वळेनाशी झाली. दुधाची पिशवी कापायला घ्यावी तर कात्रीच्या कड्यांत बोटे शिरत नसत, आणि कणीक मळायला दहा वाजत. हात वापरत गेले की सुटत, स्वस्थ बसले की पुन्हा आखडत. दोन्ही हातांची बोटे मुळाशी सारखीच सुजली होती, नखांजवळचे सांधे मात्र शाबूत होते.

आईची कूर्चा, म्हणजे सांध्यातल्या हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी, झिजली होती. माझी रोगप्रतिकारशक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उलटली होती. ते अस्तर सुजून जाड होते आणि वेळीच आवरले नाही तर शेजारचे हाड कुरतडते. दाह वाढवणारी काही द्रव्ये रक्तात पहाटेच्या सुमारास चढतात, म्हणून सकाळ एवढी जड जाते. डॉक्टर याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, आपल्याकडे आमवात. तो म्हातारपणाची वाट पाहत नाही, आणि पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी अधिक होतो.

एका दवाखान्यात माझा ‘आरए फॅक्टर’, म्हणजे आमवातासाठी रक्तात शोधतात तो घटक, निगेटिव्ह आला, तेव्हा वात नाही असे सांगून मला कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या आणि त्यात सात महिने गेले. त्या महिन्यांची हळहळ मला अजून वाटते, कारण दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाच्या रक्तात हा घटक सापडतच नाही, आणि उलट काही निरोगी माणसांत तो सापडतो. पुढे संधिवाततज्ज्ञांनी रिपोर्ट बाजूला ठेवला, माझा पंजा बोटांच्या मुळाशी आडवा धरून हलकेच दाबला आणि मी कळवळले, तेव्हा सकाळचे आखडणे किती वेळ टिकते एवढेच त्यांनी विचारले. आमवाताची प्रतिपिंडे शोधणारी ॲन्टी-सीसीपी आणि अंगातला दाह मोजणारी सीआरपी या रक्ताच्या तपासण्या त्यानंतर झाल्या.

मी घेते ते मेथोट्रेक्सेट हे कॅन्सरचे औषध ना, असेही विचारतात. कॅन्सरसाठी ते फार मोठ्या मात्रेत देतात; आमवातात आठवड्यातून एकदाच, अल्प मात्रेत. चुकून रोज घेतले तर ते जिवावर बेतू शकते, म्हणून आमच्या कालनिर्णयावर प्रत्येक बुधवारी लाल खूण असते. जोडीला फोलिक ॲसिड आणि ठरावीक काळाने रक्ताची व यकृताची तपासणी. गुण यायला मला जवळजवळ तीन महिने लागले.

तुमची बोटे सुजत असतील, तर उद्या उठल्यावर मूठ पुरती वळायला किती मिनिटे लागतात ते पाहा, आठवडाभर रोज लिहून ठेवा, आणि आकडा अर्ध्या तासापुढे जात असेल तर तो कागद घेऊन संधिवाततज्ज्ञांकडे जा, रिपोर्ट निगेटिव्ह असला तरी.