देवबागचं त्सुनामी आयलंड: तिथी बघा, मगच निघा

त्सुनामी आयलंडचे व्हिडिओ बघून मालवणजवळच्या देवबागला निघाला असाल तर बॅग भरायच्या आधी भिंतीवरचं कॅलेंडर बघा. त्या दिवशी तिथी कोणती आहे? आम्ही हे बघितलं नाही. दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन कोल्हापूरहून फोंडा घाट उतरून गेलो, पौर्णिमेच्या दिवशी सकाळी साडेअकराला बोटीत बसलो, आणि पोहोचलो तेव्हा बेट पाण्याखाली होतं.

कर्ली नदी समुद्राला मिळते तिथला हा वाळूचा दांडा. २००४ च्या त्सुनामीत वर आला असं तिथले लोक सांगतात. व्हिडिओत पांढरी वाळू, झोपड्या, माणसं निवांत बसलेली. आम्हाला मिळालं ते कमरेइतकं पाणी आणि त्यात बांबूवर उभे केलेले स्टॉल. प्लास्टिकच्या खुर्च्या दोरीने खांबाला बांधलेल्या, कारण नाहीतर वाहून गेल्या असत्या. धाकटीच्या गळ्यापर्यंत पाणी आलं, म्हणून ती पूर्ण वेळ माझ्या खांद्यावर. सासूबाई बोटीतून उतरल्याच नाहीत. बोटवाल्याला विचारलं तर म्हणाला, "आता भरती आसा. बेट सांजचा दिसतला." हे पैसे घ्यायच्या आधी सांगायला काय झालं होतं?

हिशोब सोपा आहे, रात्री आम्ही उतरलो होतो त्या घराच्या मालक काकांनी शिकवला. तिथीला ३ ने गुणा, ४ ने भागा. येईल ती भरतीची साधारण वेळ. पुढे सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा म्हणजे १५, म्हणजे सव्वाअकरा, आणि वर उधाणाचं पाणी. आम्ही नेमके पाणी सर्वात वर असताना गेलो. चतुर्थी-पंचमीला गेलात तर सकाळी नऊ-दहाला ओहोटी मिळते, बेट उघडं असतं आणि ऊनही डोक्यावर नसतं. पौर्णिमा-अमावास्येला सकाळी कोणी कितीही आग्रह केला तरी जाऊ नका.

आता पैशांचं. माणशी ९०० रुपयांत वॉटर स्पोर्ट्सच्या ५ राइड, आम्ही चौघं, म्हणजे ३६००. बोटीचे १५०० वेगळे, हे किनाऱ्यावर कळलं. व्हिडिओचे ५०० वेगळे, हे पाण्यात उभं असताना कळलं. मोठ्या मुलाने घड्याळ लावलं होतं: पाचही राइड मिळून १९ मिनिटं, त्यात रांगेत थांबणं धरलेलं नाही. जेट स्की म्हणजे पुढे त्यांचा माणूस, मागे आपण, एक वळसा आणि उतरा. पॅकेज घेऊच नका. बोट एकटी ठरवा, बोटीच्या भाड्यात काय काय येतं ते बसायच्या आधी बोलून घ्या, आणि करायचीच असेल तर तिथे जाऊन एखादी राइड घ्या. बनाना राइड मुलांना आवडली, तेवढी ठीक.

पण मला सगळ्यात जास्त संताप आला तो लाइफ जॅकेटचा. धाकटीला दिलेल्या जॅकेटचं खालचं बक्कल तुटलेलं, तिथे सुतळीची गाठ. मी बदलून मागितलं तर "काय होत नाय" म्हणाले. मी बोट सोडू दिली नाही, तेव्हा दुसरं आलं. २४ मे २०२२ ला शेजारच्याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला आहे. जॅकेटची प्रत्येक पट्टी स्वतः ओढून बघा, लहान मुलाच्या दोन पायांमधली पट्टी बांधल्याशिवाय बोटीत बसू नका. भांडण झालं तरी चालेल. संगमावर ओहोटीची ओढ जबर असते, तिथे पोहता येण्याचा काही उपयोग नाही.

दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला केला, छान झाला, त्याबद्दल सगळीकडे लिहिलेलं आहेच.

त्याच पौर्णिमेच्या संध्याकाळी पाचला आम्ही देवबागच्या टोकापर्यंत चालत गेलो. समोर वाळूचा लांब पट्टा उघडा पडला होता, अगदी व्हिडिओत दिसतो तसा. बोटवाल्याने पुन्हा पूर्ण भाडं मागितलं. धाकटी म्हणाली, "बाबा, ते बघा, ते खरंच आहे." आम्ही अंधार पडेपर्यंत अलीकडच्या काठावरच बसलो.