पावसाळ्यातली उबवणी आणि पाण्याची वाटी

जुलैत उबवणी यंत्रात बसवलेल्या ३६ गावठी अंड्यांतून १४ पिल्लं निघाली. उरलेली २२ अंडी मी तेविसाव्या दिवशी फेकून न देता जुन्या पेपरवर एकेक करून फोडली. काम घाणेरडं आहे, नाकाला रुमाल बांधावा लागतो, पण यंत्र कुठे चुकलं ते कळायला याहून सोपा मार्ग नाही. (सडून वास मारणारं अंडं मात्र फोडायचं नाही, ते हातात फुटतं. पिशवीत बांधून टाकून द्यायचं.) हिशेब असा निघाला: ६ कोरी (गर्भाचा मागमूस नसलेली), ३ अंड्यांत रक्ताची रिंग (गर्भ सुरुवातीलाच मेल्याची खूण), एकात पिल्लू अर्धवट वाढलेलं आणि १२ मध्ये पूर्ण तयार पिल्लू, पिसांसकट मेलेलं.

खरा घोळ या १२ मध्ये होता. पिल्लं ओली, फुगलेली, मान सुजलेली. उचललं की चोचीतून पाणी गळायचं. रुंद टोकाकडची हवेची पोकळी अंड्याच्या जवळपास तिसऱ्या हिश्शाएवढी असायला हवी, ती जेमतेम आठ आण्याच्या नाण्याएवढी. पिल्लू कोरडं, लहान आणि आतल्या पापुद्र्याला चिकटून मेलेलं असतं, तर ओलावा कमी पडला असं म्हणता आलं असतं. इथे उलट होतं. अंड्यातलं पाणी पुरेसं उडालंच नव्हतं, त्यामुळे पिल्लू चोच मारायच्या वेळी आतच बुडालं.

यंत्राबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं, पाण्याची ट्रे कायम भरलेली ठेवा. हा सल्ला कोरड्या हवेतला. ठाण्यातल्या बाळकुमला खाडीकाठी जुलैत बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असते. ती हवा ३७.५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येते, पाण्याचा थेंब न टाकता. पहिल्या १८ दिवसांना ४५ ते ५५ टक्के लागतात. म्हणजे ट्रे भरून मी नको ते करत होतो.

पण माझं मीटर तर ५५ दाखवत होतं. मग मीटर तपासलं. बाटलीच्या झाकणात दोन चमचे साधं मीठ, त्यात दाट चिखल होईल इतपतच पाणी. ते झाकण आणि मीटर एका घट्ट डब्यात १२ तास बंद. डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिरावते. माझं मीटर ६६ वर थांबलं. म्हणजे ५५ दिसत होते तेव्हा खरे ६४ च्या आसपास होते.

तेव्हापासून मीटरपेक्षा वजनकाट्यावर भरवसा. सोनाराच्या पद्धतीचा ०.१ ग्रॅमचा छोटा काटा घेतला. दुसऱ्या खेपेला ट्रे कोरडी ठेवली आणि दहा अंड्यांवर पेन्सिलीने प्रत्येकाचं वजन लिहिलं, बेरीज ४६० ग्रॅम. अठराव्या दिवसापर्यंत ११ ते १४ टक्के वजन घटायला हवं. मी १३ धरलं, म्हणजे ४०० ग्रॅमपर्यंत. सातव्या दिवशी ४३७ हवे होते, निघाले ४४१. वजन कमी घटत होतं, म्हणून यंत्राच्या झाकणाचं हवेसाठीचं आणखी एक भोक उघडलं. चौदाव्याला ४१६, अठराव्याला ४०३. दहातलं एखादं कोरं निघून काढावं लागलं, तर त्याचं मूळ वजनही बेरजेतून काढायचं, नाहीतर आकडा फसवतो.

तापमानातही चूक होती. पहिल्या खेपेची पिल्लं विसाव्या दिवसापासून तेविसाव्यापर्यंत रेंगाळत निघाली. सगळ्या अंड्यांना सारखी ऊब मिळाली, तर असं होत नाही. डिजिटल थर्मोमीटर आणि थर्मोस्टॅटचा (ऊब पाहून बल्ब चालू-बंद करणाऱ्या यंत्रणेचा) प्रोब कोमट पाण्याच्या पेल्यात शेजारी-शेजारी धरले, तर प्रोब बरोबर निघाला. मग तोच थर्मामीटर अंड्यांच्या उंचीवर जागा बदलून ठेवला. कोपऱ्यात ३६.८, बल्बखाली ३८.९. थर्माकोलच्या खोक्यात पंखा बल्बकडे तोंड करून बसवला होता. तो फिरवून बल्बसमोर पत्र्याच्या डब्याचा तुकडा आडवा लावला. फरक अर्ध्या अंशावर आला. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.७ पुरतं, बिनपंख्याच्या यंत्रात अंड्यांच्या वरच्या पातळीला ३८.३ च्या पुढे धरावं लागतं. थोडा वेळ थंड पडलेली अंडी बहुतेक वाचतात, तासाभराची वीज गेली तर मी झाकण उघडत नाही. जास्त तापलेली मात्र वाचत नाहीत.

कोऱ्या आणि रिंगवाल्या अंड्यांचा दोष यंत्रावर टाकता येत नाही. ती मुरबाडच्या बाजारातली होती, कोंबडीने घालून किती दिवस झाले माहीत नव्हतं. २० अंशांच्या वर गर्भ सुस्तपणे वाढायला लागतो आणि दमून मरतो. ठाण्यातलं स्वयंपाकघर ३० अंशांचं, एसी २४ वर ठेवला तरी ते थंड नाही, आणि फ्रिज नको तितका गार. म्हणून आता चार दिवसांच्या आतलीच घेतो, तारीख लिहून, आणि दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा आहे का हे विचारून. टेम्पोतून हादरे खात आली असतील तर निमुळतं टोक खाली करून आधी १२ ते २४ तास विसावू द्यायची. धुवायची तर अजिबात नाहीत.

पालटणं दिवसातून तीनदा, एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. विषम संख्या यासाठी, की रोज रात्रीची लांब बैठक त्याच बाजूवर होऊ नये.

अठराव्या दिवशी पालटणं बंद, वाटीत पाणी, आर्द्रता ६५ ते ७० पर्यंत. इथे एक चूक सगळेच करतात: ओलावा टिकावा म्हणून भोकं बुजवतात. त्याच तीन दिवसांत पिल्लांना हवा सर्वांत जास्त लागते. भोकं उघडीच ठेवायची, कमी पडलं तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा. एका वाटीच्या जागी पसरट ताटली. चोच मारल्यावर १२ ते २४ तास काहीच हालचाल दिसत नाही, तेव्हा टरफल सोलायला जायचं नाही. आतल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांत अजून रक्त असतं.

दुसऱ्या खेपेच्या ३६ मधून २७ निघाली, सगळी एकविसाव्या दिवशी संध्याकाळपर्यंत. ५ कोरी, एकात रिंग, ३ टरफलात मेलेली. त्या तिघांतल्या एकाचं डोकं निमुळत्या टोकाकडे होतं, ते अंडं मी उलटं मांडलं असणार.

जानेवारीत हीच बिनपाण्याची पद्धत चालत नाही. २५ अंश आणि ६० टक्क्यांची हवा तापली की आत ३० टक्क्यांच्या आसपास उरते. पहिल्या दिवसापासून छोटी वाटी ठेवावी लागते, आणि सातव्या दिवसाच्या वजनावर ती मोठी करायची की काढायची ते ठरतं.