क्रिएटिनिन नॉर्मल होतं, तरी लघवीत अल्ब्युमिन सापडलं

मला मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. दरवर्षी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, तपासायचो, ते १.० च्या आसपास यायचं आणि ‘किडनी उत्तम’ असं ऐकून घरी यायचो. लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन, किडनीची गाळणी बिघडली की लघवीत उतरतं) तपासा, असं मात्र मला कुणीही सांगितलं नव्हतं. टाईप २ मधुमेहात ही तपासणी निदान झाल्यापासून दरवर्षी व्हायला हवी, हे मला फार उशिरा कळलं. त्याचं वाईट वाटतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एप्रिलमध्ये, आंबा ऐन भरात असताना, देवगड तालुक्यातल्या आमच्या उपकेंद्रात शिबिर होतं. आशाताई घरी येऊन बजावून गेल्या, म्हणून बागेतून तसाच गेलो. नेहमीची साखर आणि बीपी झाल्यावर मॅडमनी लघवीसाठी डबी दिली. सुरुवातीची थोडी लघवी सोडून मधली घ्यायची. पट्टीवर दोन चौकोन होते, एक अल्ब्युमिनचा आणि एक क्रिएटिनिनचा. पट्टी बुडवली, काठावर निथळली आणि मिनिटभराने डब्यावरच्या रंगांशी ताडून पाहिली. उत्तर आलं: ३० ते ३००. ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक.

दोन चौकोन कशाला, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, “काका, कालवणात पाणी वाढवलं की मीठ तेवढंच असून अळणी लागतं ना? तुम्ही तांब्याभर पाणी पिऊन आलात तर लघवी पातळ होते, अल्ब्युमिन कमी दिसतं. क्रिएटिनिन शरीरातून साधारण सारख्या वेगाने बाहेर पडतं. म्हणून त्याच्याशी गुणोत्तर काढायचं.” प्रथिनांची साधी पट्टी इतकं थोडं अल्ब्युमिन बहुतेक वेळा पकडत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

घरी आल्यावर बायको म्हणाली, “पाय सुजूक नाय, लघवीक जळजळ नाय, मगे किडनीचा काय?” तिचं म्हणणं मलाही पटत होतं. पण या टप्प्यावर दुखत-खुपत काहीच नाही, आणि क्रिएटिनिन वाढेपर्यंत किडनीची निम्मी ताकद गेलेली असू शकते.

मॅडमनी एक गोष्ट ठासून सांगितली होती: या एका पट्टीवर किडनीचा आजार ठरवायचा नाही. ताप, लघवीतला संसर्ग, भरपूर अंगमेहनत यांनीही अल्ब्युमिन तात्पुरतं वाढतं. मी तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत पेट्या उचलत होतो. म्हणून हंगाम आटोपल्यावर, विश्रांती घेऊन, सकाळची पहिली लघवी घेऊन कणकवलीच्या लॅबमध्ये गेलो. पाऊस लागला होता, डबी प्लास्टिकमध्ये गुंडाळून एसटीने नेली. आकडा आला ११२. तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा केली, तेव्हाही शंभराच्या वरच. तीनपैकी दोन नमुने वाढलेले असले आणि ते तीन महिने टिकलं, तर ते खरं धरतात. माझा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, ९० च्या आसपास होता, म्हणजे गाळण्याचं काम व्यवस्थित चाललेलं आणि गळती मात्र सुरू झालेली.

ते ऐकून मी घाबरलो. आमच्या वाडीतल्या एकाला आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाताना मी पाहिलं आहे. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की हा टप्पा सावरण्याचा आहे. टेल्मिसार्टन सुरू केलं. हे बीपीचं औषध, पण किडनीच्या गाळणीवरचा दाबही ते कमी करतं. पुढे डॅपाग्लिफ्लोझिनही दिलं, हे साखरेचं औषध किडनीलाही जपतं. टेल्मिसार्टन सुरू झाल्यावर काही आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायला लावलं, कारण दोन्ही वाढू शकतात. पोटॅशियम बरोबर निघालं, त्यामुळे शहाळं, ज्यात पोटॅशियम भरपूर असतं, सोडावं लागलं नाही. कंबर धरली की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणायचो, ती किडनीला त्रासदायक म्हणून कायमची बंद.

सगळ्यात जड गेलं मीठ. दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम छोटा चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते तेव्हा सुका बांगडा, सुकट, लोणचं यांवरच जेवण चालतं. बायकोने सुकट धुऊन भिजवून करायला घेतली, लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. सुका बांगडा आता कधीतरीच, तोही तुकडाभर. बागेत घाम गाळणाऱ्या माणसाला ही जेवणं बेचव लागतात, पण सवय होते.

नंतरच्या तपासणीत आकडा ६० च्या खाली आला. साखरेचं तीन महिन्यांचं प्रमाण, एचबीए१सी, तेही उतरलंय. डॉक्टर म्हणाले, औषध सोडायचं नाही आणि तपासणीही चुकवायची नाही.

गणपतीला मुंबईहून धाकटा भाऊ आला. त्यालाही साखर आहे. फाईल काढून दाखवली, त्यात क्रिएटिनिन होतं, एसीआर, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं हेच गुणोत्तर, कुठेच नव्हतं. चिठ्ठीवर ‘युरिन एसीआर’ लिहून दिलं आणि सकाळच्या पहिल्या लघवीचंच करायला सांगितलं. मुंबईला पोचल्यावर त्याने तपासणी केली. रिपोर्ट १८ चा आला. पुढच्या वर्षी पुन्हा करायचं त्याने कबूल केलंय.