आमची वाटचाल : थेंबांची वही

कल्याण-नगर आणि पुणे-नाशिक हे दोन रस्ते जिथे एकमेकांना कापतात, त्या आळेफाट्याजवळ आमचं डिझेल गॅरेज आहे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरुवात केली तेव्हा गॅरेज नव्हतंच. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पिशवी बांधून ते मळ्यामळ्यात जायचे आणि विहिरीवरची ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. पुढे विहिरींवर मोटारी बसल्या, इंजिनं गोठ्यात जाऊन पडली आणि रस्त्यावर जीपगाड्या वाढल्या. अण्णांनी फाट्यावर पत्र्याचं शेड टाकलं. तेच आमचं गॅरेज.

मी आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि २००६ साली शेडमध्ये आलो. सर्टिफिकेट हातात असलेल्या पोराला जेवढा ताठा असतो तेवढा मलाही होता. अण्णा इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी ओढायचे, तिच्यावरचा ऑइलचा एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सोडायचे आणि कागद खिळ्याला लावून जेवायला जायचे. मला हसू यायचं. जेवून आल्यावर ते त्या डागाकडे बघून सांगायचे, "अजून हजार किलोमीटर चालंल," नाहीतर, "आजच काढ." डाग करडा होऊन सगळीकडे सारखा पसरला असेल तर ऑइल अजून काजळी पोटात घेतंय. मधे काळाकुट्ट ठिपका आणि त्याला कोरीव कडा दिसली तर त्याची ताकद संपली. भोवती फिकट, तेलकट, रुंद कडं दिसलं तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय, डिझेल फवारणारे नोझल तपासायचे. ही परीक्षा प्रयोगशाळेतही करतात, फक्त तिथे वर्तमानपत्राऐवजी फिल्टर पेपर असतो, हे मला फार उशिरा कळलं.

माझा ताठा उतरला तो एका वडापच्या, म्हणजे सीटवर भाडं मारणाऱ्या, जीपमुळे. रनिंग साडेतीन लाखांच्या पुढे, आधीचे दोन मालक, ऑइल कधी कुठलं टाकलं याचा पत्ता नाही. झाकण उघडलं तर आत डांबरासारखा थर. मी बाजारातून फ्लशिंगचा, म्हणजे इंजिन आतून धुवायच्या औषधाचा, डबा आणला, इंजिन दहा मिनिटं चालू ठेवलं, सगळं काढून टाकलं आणि भारीतलं सिंथेटिक ऑइल भरलं. गाडी सतारीसारखी वाजत गेली. ओतूरच्या अलीकडे ऑइलचा लाल दिवा लागला. ड्रायव्हरला वाटलं, घर जवळच आहे, जाऊ तसंच. घरी गाडी पोहोचली ती दुसऱ्या गाडीच्या दोराला. चेंबर, म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं, खोललं तर पंपाच्या जाळीवर मळीचा गोळा बसलेला. फ्लशने सुटलेली घाण थेट पंपाच्या तोंडाशी गेली होती, वर ऑइल चढलंच नाही, बेअरिंगं क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, चिकटली.

अण्णांनी मला एक शब्द ऐकवला नाही. क्रँक ग्राइंडिंगला पाठवला, नवी बेअरिंगं आणली, इंजिन बांधलं आणि मालकाकडून एक रुपया घेतला नाही. त्या वर्षी दिवाळीला घरात नवे कपडे आले नाहीत. आमच्या धंद्यातलं सगळ्यात महागडं शिक्षण तेच.

तेव्हापासून अनोळखी, जास्त रनिंगच्या इंजिनाला आमच्याकडे फ्लश मिळत नाही. आधी चेंबर खाली घेऊन जाळी धुतो. मग त्याच्या ग्रेडचं साधं, पण चांगलं ऑइल भरतो आणि पहिल्यांदा दोन हजार किलोमीटरला, नंतर तीन हजारला बदलतो. दर वेळी फिल्टर नवा. नव्या ऑइलमधलं डिटर्जंटच हळूहळू मळ काढतं. मालकाला हे पटवणं जड जातं, कारण त्याला एका दिवसात 'इंजिन नवं' करून हवं असतं.

त्याच प्रकरणानंतर वही सुरू झाली. दोनशे पानी, लांबट, किराणावाले उधारीला वापरतात तशी. गाडीचा नंबर, रनिंग, किती लिटर ऑइल भरलं, मधे वरून किती टाकावं लागलं, आणि शेजारी त्या दिवशीच्या थेंबाचा कागद पिनेने लावलेला. काही वर्षांत पानं तेलाने पारदर्शक झाली, पलीकडच्या गाडीचा नंबर अलीकडे दिसायला लागला. पण एका पिकअपची आठ पानं सलग चाळली की तिचं आयुष्य समोर उभं राहतं.

आमच्या भागातल्या पिकअपचं आयुष्य खडतर. नारायणगावचा टोमॅटो, ओतूरचा कांदा, बाकीचा भाजीपाला भरून रात्री निघायचं, माळशेज उतरून कल्याणमार्गे वाशीला पहाटेच्या बाजारात पोहोचायचं, दुपारपर्यंत परत. जाऊन-येऊन तीनशेच्या आसपास किलोमीटर. महिन्याला वीस खेपा धरल्या तरी वर्षाला सत्तर हजार होतात. सहा वर्षांत चार लाख. गाडीचा रंग अजून चकाकत असतो आणि इंजिन म्हातारं झालेलं असतं.

चार लाखांच्या गाडीचा मालक पहिली मागणी करतो ती जाड ऑइलची. "ऑइल खातेय, घट्ट टाका." मी आधी विचारतो, किती खाते? हे शंभरातल्या नव्वद जणांना सांगता येत नाही. मग पट्टीवर खूण करून गाडी हजार किलोमीटर चालवायला सांगतो. पाव लिटर उतरलं तर चार लाखांच्या इंजिनाला ते शोभतं. अर्धा लिटर गेलं तर लक्ष ठेवायचं. लिटरच्या पुढे गेलं की ऑइलच्या दुकानात उत्तर नाही. लाइनर (सिलेंडरची आतली नळी) आणि पिस्टन, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा), यातलं काहीतरी बोलतंय. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल ठेवून बघा. ते उड्या मारायला लागलं तर रिंगांमधून हवा खाली येतेय.

डब्यावर ऑइलच्या घट्टपणाचा आकडा असतो. कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितलं असेल तर जुन्या इंजिनालाही आम्ही तेच टाकतो. त्याहून घट्ट २०डब्ल्यू-५० टाकल्यावर धूर थोडा कमी दिसतो, ते खरं. पण डिसेंबरात जुन्नरकडे पहाटे जी थंडी पडते, तिच्यात ते घट्ट ऑइल टर्बोपर्यंत पोहोचायला वेळ लावतं, आणि तेवढे सेकंद टर्बोचा दांडा कोरडा फिरतो. धूर कमी झाला म्हणून मालक खूश, वर्षाने टर्बोचं बिल बघून तोच शिव्या देणार. आकड्याइतकंच डब्यावरच्या दर्जाच्या खुणेतलं दुसरं अक्षर महत्त्वाचं. सीएच-४, सीआय-४ प्लस, सीके-४ यातला 'सी' म्हणजे डिझेल इंजिनाचं ऑइल, आणि पुढचं अक्षर वर्णमालेत जितकं पुढे तितका दर्जा नवा. सीएच-४ १९९८ सालचं, सीके-४ २०१६ अखेरचं. ऑइल आठ दिवसांत काळं झालं म्हणून भांडायला येणारे अजून येतात. डिझेल इंजिनात ऑइल काळं झालंच पाहिजे. काळं होत नसेल तर काजळी आतच बसतेय.

आणि एअर फिल्टर. ऑइलवर तासभर बोलणारा माणूस फिल्टरचं नाव काढत नाही. आमच्याकडे शेतरस्त्यांची धूळ इतकी, की फिल्टरच्या कागदाला नखाएवढी चीर पडली तरी लाइनर दोन हंगामात घासला जातो. फिल्टरमध्ये बाहेरून जोरात हवा मारणाऱ्या पोरांना मी आजही ओरडतो. आतून बाहेर मारायची, तीही लांबून.

मधे एक काळ असा आला की वहीतल्या बऱ्याच गाड्यांचे थेंब अचानक बिघडले. तीन हजारातच काळा ठिपका. एकाच वितरकाचा माल होता, डबा हुबेहूब, सील पक्कं, आत काय भरलं होतं देव जाणे. उरलेले डबे परत करायला गेलो तर म्हणाला, "बिल दाखवा." बिल नव्हतं, स्वस्त मिळतंय म्हणून मीच घेतलं नव्हतं. तेव्हापासून बिलाशिवाय एक डबा आत येत नाही, आणि रिकाम्या डब्याला भोक पाडूनच भंगारात देतो, म्हणजे तो पुन्हा भरता येणार नाही.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचा नवा कडक नियम, आला आणि आमचा धंदा पुन्हा पहिलीच्या वर्गात बसला. कर्ज काढून स्कॅनर घेतला. लॉकडाऊनमध्ये हप्ते थकले, भाजीच्या गाड्या चालू होत्या म्हणून वाचलो. नव्या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी गाळणी असते, डीपीएफ. काजळी साठली की इंजिन जास्तीचं डिझेल पाठवून ती जाळतं. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, म्हणून या गाड्यांना कमी राखेचं ऑइल लागतं, मालकाच्या पुस्तकात लिहिलेलंच. जुनं शिल्लक सीआय-४ 'चालतंय की' म्हणून ओतलं तर गाळणी कायमची चोंदते.

वाशीच्या गाड्यांना काजळी साठण्याचा त्रास होत नाही, लांब पल्ल्यात गाळणी तापून आपोआप साफ होते. त्रास होतो दुधाच्या गाड्यांना. वाडीवर थांब, कॅन चढव, दोनशे मीटर जा, पुन्हा थांब. जळायला सुरुवात होते तोच गाडी बंद. ते जास्तीचं डिझेल मग सिलेंडरच्या भिंतीवरून चेंबरमध्ये उतरतं.

गेल्या आठवड्यात असाच एक दूधवाला आला, खुशीत. "दादा, तुमचं ऑइल लई भारी. दोन महिन्यांत कमी तर झालं नाहीच, उलट वाढलंय!" मी पट्टी ओढली. वरच्या खुणेच्याही बोटभर वर. बोटाला चोळलं, पाण्यासारखं पातळ. अण्णा आता पंचाहत्तरीचे आहेत, शेडच्या दारात खुर्ची टाकून बसतात. त्यांनी नुसता हात पुढे केला, थेंब घेतला आणि मांडीवरच्या वर्तमानपत्राच्या कडेवर सोडला. त्यांना आमचा स्कॅनर काय सांगतो ते कळत नाही. डागाभोवती रुंद, फिकट कडं पसरायला लागलं तसं ते म्हणाले, "याला म्हणावं, रोज एकदा नारायणगावपर्यंत न थांबता जाऊन ये. आणि आधी हे काढ."

पोरांनी ड्रेनचा नट सोडला. कागद वाळत घातला, संध्याकाळी वहीला पिन केला.