शंभर दिवसांची मजुरी

बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18 व्या अध्यायातली, येशूने सांगितलेली ती चाकराची गोष्ट आपण शब्बाथ शाळेपासून, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या वर्गापासून ऐकत आलोय, राजाने त्याचं सगळं देणं सोडून दिलं आणि हा बाहेर पडल्या पडल्या आपल्या सोबतच्या चाकराचा गळा धरायला गेला. चर्चमधल्या संदेशात बहुतेक वेळा एवढंच सांगतात की बघा केवढं मोठं कर्ज माफ झालं आणि हा केवढ्याशा पैशासाठी भांडत बसला. मला या "केवढ्याशा"बद्दलच लिहायचंय, कारण ते केवढंसं नव्हतंच.

जरा हिशोब करून बघा. पहिल्याचं देणं 10,000 तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार, आणि एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची हजेरी, हे पुढे 20 व्या अध्यायात द्राक्षमळ्याच्या मजुरांच्या गोष्टीत येतंच. म्हणजे झाली 6 कोटी दिवसांची मजुरी. वर्षात 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षं, ते काही फिटणारं देणं नाही हे लहान पोरालाही कळतं. पण दुसऱ्याचं देणं 100 दिनार, म्हणजे शंभर दिवसांची मजुरी. आज रोज 400 रुपये हजेरी धरली तर 40,000 रुपये. आता आमच्या जालना-बीडकडे ज्याची चूल हजेरीवर पेटते त्याला विचारा की 40,000 म्हणजे काय. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यापायी दिवाळी कारखान्याच्या फडात जाते आणि पोरं आजीपाशी राहतात, अशा घरात 40,000 ही माफ करून टाकायची रक्कम असते का?

म्हणून मला वाटतं, येशूने आकडा शंभर सांगितला यातच त्याची मोठी दया आहे. तुझं नुकसान काहीच नाही, सोडून दे, असं तो म्हणतच नाही. तुझं खरंच गेलंय, शंभर दिवस राबलास तेवढं गेलंय, हे तो मानतो आणि मग त्या सहा कोटींची आठवण करून देतो. ज्याला कुणी फसवलंय, बोललंय, ज्याचा बांध कोरलाय, त्याला "जाऊ द्या हो, त्यात काय एवढं" म्हणणारे आपण लोक फार, आणि त्यानेच माणूस जास्त दुखावतो.

माझी आत्या जालना जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते. तिने एका वर्षी कापूस विकून आलेले पैसे शेजारच्या दादांना त्यांच्या पोरीच्या लग्नाला उसने दिले, चिठ्ठी ना चपाटी, शब्दावर. ते दादा माळकरी माणूस, दरवर्षी पंढरीला जाणारे, बुडवायची नियत अजिबात नव्हती. पण 2017 ला गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला, त्यांचा खाल्ला तसा आत्याचाही खाल्ला. त्या पैशातून आत्याला स्वयंपाकघरावर नवे पत्रे टाकायचे होते, ते राहिले. पावसाळ्यात मी गेले तेव्हा चुलीच्या दोन्ही अंगाला पातेली ठेवलेली, एक भरलं की ती उठायची, दारात रिकामं करायची आणि परत आणून त्याच जागी ठेवायची, थेंब कुठे पडतो ते तिला न बघता कळायचं. भाकरी थापता थापता हे सगळं चाललेलं.

दादांनी तोवर आत्याच्या दारावरून जायचं बंद केलं होतं. रानात जायला जवळची वाट तीच, पण ते ओढ्याकडून वळसा घालून जायचे. भावकीतले लोक म्हणत होते की म्हैस सोडून आण, त्याशिवाय वळणावर येणार नाहीत. आत्याने किती दिवस प्रार्थना केली मला माहीत नाही, ती सांगत नाही. एक दिवस ती त्यांच्या घरी गेली, ओसरीवर बसली, चहा घेतला आणि म्हणाली, "दादा, ते पैशाचं आता डोक्यातून काढून टाका, मह्या डोक्यातून गेलं." दादा काहीच बोलले नाहीत म्हणे. मग लगेच दुसरं वाक्य, आणि मला तेच पहिल्यापेक्षा मोठं वाटतं, "अन् उद्या औत घेऊन या, आमचं रान मोडायचंय, पोरगं संभाजीनगरला कंपनीत, मला माणूस नाही."

दादा आले, दोन दिवस औत चाललं आणि आत्याने गावात चालू होता तो पूर्ण दर त्यांच्या हातात ठेवला. घरातले सगळे चिडले, निदान तेवढे तरी वळते करून घ्यायचे! आत्या म्हणाली, वळतं केलं असतं तर माफ काय केलं?

मी यावर खूप विचार केलाय. नुसतं माफ करून ती घरी आली असती तरी चांगलंच होतं, पण दादा आयुष्यभर मान खाली घालून राहिले असते, ओढ्याचा वळसा काही सुटला नसता. तिने त्यांच्याकडे काम मागितलं, तिला त्यांची गरज आहे हे दाखवलं, म्हणून ते परत त्या वाटेने येऊ लागले. दया करताना समोरचा लहान होणार नाही हे बघणं, हे मला पैसे सोडण्यापेक्षाही अवघड वाटतं.

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात बवाज नावाचा शेतमालक अगदी हेच करतो. बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात नियमच आहे की कापणी करताना शेताच्या कडेपर्यंत सगळं कापू नका, सरवा वेचू नका, तो गरिबाला आणि परक्याला राहू द्या. आपल्याकडेही ज्वारी निघाल्यावर बायका कणसं वेचायला जातात, भुईमूग काढल्यावर शेंगा, हरभऱ्याचे घाटे, कुठला शेतकरी जाऊ देतो, कुठला ओरडून हाकलतो. रूथ तर मवाबी, परकी, विधवा, सासूला घेऊन आलेली. बवाजने तिला पोतं भरून देऊन टाकलं असतं तर कोण नाही म्हणणार होतं, पण पहिल्या दिवशी तो तसं करत नाही. तो गड्यांना सांगतो की पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या आणि तिला कुणी टोकू नका. ती संध्याकाळपर्यंत वेचते, झोडपते आणि एफाभर सातू घेऊन घरी जाते, म्हणजे वीस-बावीस लिटरचं माप भरेल एवढं. एका दिवसाच्या सरव्यात एवढं कधी निघत नाही, पण ते तिने स्वतःच्या हाताने वेचलेलं असतं. दुसरा अध्याय परत वाचा, मला तर तिथे दरवेळी थांबावंसं वाटतं.

आता एक गोष्ट स्पष्ट लिहिते कारण क्षमेचा विषय निघाला की याचा फार गैरवापर होतो. नवऱ्याचा मार खाणाऱ्या पोरीला "सत्तर वेळा सात" ऐकवून परत पाठवणं ही कृपा नाही. भावाला किती वेळा क्षमा करायची हा शिष्य पेत्राचा प्रश्न, त्यावर येशूचं "सत्तर वेळा सात" हे उत्तर आणि ही चाकराची गोष्ट येते त्याच्या जरा आधी, त्याच अध्यायात 15 व्या वचनापासून येशू सांगतो की भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा, एकांतात दाखव, नाही ऐकलं तर एक-दोन जणांना घेऊन जा, तरी नाही तर मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना सांग. म्हणजे झाकून ठेवा असं नाहीये. आणि गोष्टीतसुद्धा बाकीचे चाकर जे बघतात ते जाऊन राजाला सांगतात, त्यांना फार वाईट वाटतं म्हणून सांगतात. जिच्या अंगावर वळ आहेत तिच्यासोबत पोलिस स्टेशनला जाणं हीसुद्धा मंडळीची दयाच आहे, आणि ती करायला आपल्यातले किती जण उठतात?

संकट मोठं असलं की आपण उठतो, हे मात्र खरं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाचं घरातली मोठी माणसं अजून सांगतात, कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा हे दगडमातीखालून माणसं काढताना कुणी विचारलं नाही. अनोळखी माणसासाठी एकदा धावून जाणं जमतं, पण रोज समोर दिसणाऱ्या, आपले पैसे अडकवलेल्या माणसाशी रोज नीट वागणं तिथे आपला खरा कस लागतो.

आमच्या जालन्याला तर हा वारसा फार जुना आहे. नारायण शेषाद्री, जन्माने ब्राह्मण, 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या मुलखात जालन्याजवळ येऊन त्यांनी बेथेल गाव वसवलं. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मातंग घरांतल्या लोकांसोबत त्यांनी ते उभं केलं. ज्यांचा स्पर्श त्यांच्या जन्माच्या घरात चालला नसता त्यांच्याच शेजारी राहिले. मिशनच्या इतिहासावर कुणी काय म्हणायचं ते म्हणो, मला यातलं शेजारी राहणं महत्त्वाचं वाटतं, दान देऊन संध्याकाळी आपल्या आळीत परत जाणं तेव्हाही सोपं होतं.

आणि शेजारी राहायचं ते हिशोब मनात धरून नाही. दादांनी एकदा आत्याला विचारलं होतं की ताई, तुम्ही असं का केलंत. तिने सांगितलं, "मह्यावर लई मोठं देणं होतं, ते कुणी तरी फेडलं." पुढे दादांनी विचारलं तेवढंच ती बोलली. ते आजही माळ घालतात, वारीला जातात, नाताळाला करंज्या खायला येतात, एकादशीला आत्या त्यांच्याकडे शेंगदाणे पाठवते. कुणी तरी आत्याला म्हणालं की मग काय उपयोग झाला, ते काही चर्चला आले नाहीत. मला त्या प्रश्नाचा फार राग आला. लूक 6:35 मध्ये परतीची आशा न धरता उसने द्या असं सांगितलंय, ते चर्चला यावेत ही आशासुद्धा त्या परतीतच आली की!

आमच्या मंडळीत दरवर्षी नाताळाच्या आधी गरजू घरांना किराणा आणि ब्लँकेट देतात, नावं पुकारून, पुढे बोलावून, फोटो काढून. देणाऱ्यांचं मन चांगलंच असतं, पण पुढे जाताना बायका पदर कसा ओढून घेतात ते मी मागच्या बाकावरून बघितलंय. यंदा महिला मंडळाने पाळकसाहेबांकडे विषय काढला आणि त्यांनी लगेच हो म्हटलं. आता उपासनेच्या हॉलमागच्या खोलीत गहू, तांदूळ, तेल ठेवायचं, किल्ली आमच्यातल्या एका मावशीकडे, ज्याला लागेल त्याने घेऊन जायचं, वही नाही, सही नाही. आणि ज्याला जमेल त्याने खोली झाडायला, पोती उचलायला यायचं, देणारा असो की नेणारा. कमिटीतल्या एका भावाने विचारलं की कुणी दोनदा नेलं तर कसं कळणार, त्यावर मागच्या रविवारी बराच वेळ चर्चा झाली, अजून ठरलेलं नाही. मी माझं मत देऊन ठेवलंय की वही नकोच, बवाजच्या शेतात पेंढ्यांतून काय काय गळलं ते कुणी लिहून ठेवत नव्हतं.